जाईबाईंची शाळा आणि आपल्या आजीचे नाव

(महिलांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या कुटुंबांतील आयाबायांशी व तरुण मुलामुलींशी मला आज काही बोलावयाचे आहे. विषय आहे एका शिक्षिकेचे स्मरण. त्या शिक्षिकेचे नाव जाईबाई चौधरी. हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेलेले नसेल. सावित्रीबाई फुल्यांचे नाव आज घरोघरी पोचले आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु १८४८ साली पुण्यात सुरू झालेले ते काम ज्यांनी पुढे आपापल्या गावी, आपापल्या वस्तीत, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन चालू ठेवले, त्या बायांची नावे आपण हरवून बसलो आहोत. जाईबाई या त्यांपैकी एक.

हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. नुकत्याच बौद्ध झालेल्या घरापुढे एक अडचण उभी राहते. तिचा उच्चार फारसा कोणी करीत नाही. देव्हाऱ्यातले टाक गेले, उपासतापास गेले, अंगातले वारे गेले. ते गेले हे योग्यच झाले. परंतु जुने सारे टाकून द्यावयाचे म्हटले म्हणजे आपली आजीही टाकून द्यावयाची काय? ती जन्मभर मरीआईला नारळ फोडीत आली. तिच्या दंडावर ताईत होता. बुद्धाचे नाव तोंडी न येताच ती गेली. मग तिची आठवण आता कोणत्या नात्याने ठेवावयाची? पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर गप्प राहून दिले जाते. तिचे नाव घेणे हळूहळू बंद होते. नातवंडांना खापरपणजोबांच्या वेठबिगारीची गोष्ट माहीत असते; आजीचे नुसते नावही माहीत नसते.

हे बरोबर नाही. का बरोबर नाही, ते जाईबाईंच्या चरित्रावरून मी आपणांस दाखविणार आहे.

उमरेडची मुलगी

जाईबाईंचा जन्म २ मे १८९२ रोजी नागपूरजवळच्या उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. १८९६ साली त्या भागात दुष्काळ पडला आणि इतर अनेक कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही गाव सोडून नागपुरास आले. त्या काळचे नागपूर म्हणजे आपल्या माणसांना मजुरी देणारे शहर होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी तेथे १८७७ साली सुरू झाली होती. रेल्वे होती, मालधक्के होते. गावात महारकीच्या कामाला ना वेतन होते, ना नकार देण्याची सोय. शहरात अंगमेहनतीला निदान पैसा मिळत होता. आपल्या चळवळीची मुळे नागपुरात इतकी खोल का गेली, याचे एक कारण या मजुरीच्या पैशात आहे. ज्याची चूल पाटलाच्या मर्जीवर पेटत नाही, तो मान वर करू शकतो.

जाईबाई चौथीपर्यंत शिकल्या. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव बापूजी चौधरी. नऊ वर्षांची मुलगी सासरी! आज आपल्याला हे ऐकवत नाही. त्या काळी ते कोणाला खटकतही नव्हते. घरी दारिद्र्य होते. म्हणून जाईबाईंनी नागपूर व कामठीच्या स्टेशनांवर डोक्यावर ओझी वाहण्याचे काम केले. भगिनींनो, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. गाडी येते, उतारू उतरतात आणि एक मुलगी ट्रंका डोक्यावर घेऊन चालू लागते. तिच्या डोक्यावरचे ओझे चालते. तिचा हात लागलेले पाणी मात्र चालत नाही. अस्पृश्यतेचा हिशेब हा असा होता. तिला ओझ्याच्या वेळी विटाळ आठवत नसे, पाण्याच्या वेळी आठवे.

चार रुपयांची नोकरी

त्या हमालीच्या काळातच ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंशी जाईबाईंची गाठ पडली. या मुलीला थोडेफार लिहिता-वाचता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तिला पुढे शिकविले आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपये पगारावर शिक्षिकेची जागा दिली. ओझी वाहणारे हात आता खडू धरू लागले.

परंतु ही नोकरी टिकली नाही. शिकविणारी बाई अस्पृश्य आहे, असे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेण्यास सुरुवात केली आणि जाईबाईंना ती जागा सोडावी लागली. अक्षर तेच होते, बाराखडी तीच होती, पाढे तेच होते. तिच्या शिकविण्यात उणे निघाले नव्हते. उणे काढले गेले ते तिच्या जन्मात.

अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक वाट अशी की, शिक्षण हे आपले काम नव्हे असे म्हणून पुन्हा ओझ्याकडे वळावयाचे. दुसरी वाट अशी की, जेथे आपल्याला शिकवू देत नाहीत ती शाळा सोडून जेथे आपली वाट पाहणारी मुले आहेत तेथे शाळा काढावयाची. जाईबाईंनी दुसरी वाट धरली. १९२०च्या दशकात त्यांनी नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा सुरू केली. नागपुरात आपल्या मुलींच्या शिक्षणाचा विचार अगदीच नवा होता असे नाही. किसन फागुजी बनसोडे आणि तुळसाबाई बनसोडे यांनी त्या दिशेने आधीच पावले टाकली होती. परंतु स्वतः हमाली करून शिकलेल्या बाईने स्वतःच्या बळावर मुलींची शाळा उभी करावी, यास निराळे मोल आहे.

शाळा काढणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. आज शाळा म्हटले की इमारत, अनुदान, गणवेश, पोषण आहार डोळ्यांपुढे येतो. त्या वेळी यांतले काहीच नव्हते. पहिले काम होते मुली मिळविण्याचे. आई गिरणीत किंवा मजुरीवर गेलेली. घरी धाकटे भावंड कडेवर कोणी घ्यावयाचे? शेणी कोणी थापावयाच्या? पाणी कोणी भरावयाचे? ही सारी कामे आठ-दहा वर्षांच्या मुलीची. म्हणून मुलगी शाळेत घालावयाची म्हणजे त्या घराच्या मजुरीत तूट घालावयाची. जाईबाई दारोदार जात, आईबापांची समजूत काढीत, मुली शाळेत आणीत. भाषणे देऊन हे काम होत नाही. त्यासाठी उंबऱ्याशी बसून आईचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि आज नाही म्हटले तर उद्या पुन्हा जावे लागते.

शाळेची पाटी आणि मुलींच्या पाट्या

जाईबाईंच्या शाळेचे नाव संत चोखामेळ्याच्या नावावर होते. येथे आपले काही तरुण मित्र कपाळाला आठ्या घालतील, याची मला कल्पना आहे. ते म्हणतील, जो संत देवळाच्या पायरीशी उभा राहिला आणि आत गेला नाही, त्याचे नाव आपल्या शाळेला कशासाठी? हा आक्षेप नवा नाही. बाबासाहेबांच्या चळवळीने भक्तीच्या मार्गाकडे पाठ फिरविली आणि हक्काचा मार्ग धरला. त्यात चूक काही नव्हती. दारात उभे राहून विनवणी केल्याने दार उघडत नाही, हा सातशे वर्षांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

परंतु बाबासाहेबांनीच आणखी एक गोष्ट केली आहे. अस्पृश्यांच्या उत्पत्तीसंबंधी त्यांनी इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला व १९४८ साली प्रसिद्ध केला, तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या अस्पृश्य कुळात जन्मलेल्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. विनवणीचा मार्ग त्यांनी नाकारला; मात्र त्या मार्गावरून चालत गेलेल्या आपल्या पूर्वजाचा मान त्यांनी राखला. मार्ग सोडणे आणि माणूस विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक आपण बाबासाहेबांपासून शिकावयाचा आहे.

जाईबाईंच्या शाळेच्या पाटीवर जुने नाव होते. आत मुलींच्या हातांत ज्या पाट्या होत्या, त्यांच्यावर मात्र अ, आ, इ, ई होते. त्या पाट्यांवर जे लिहिले गेले, त्याने पुढची माणसे घडली. हातात पाटी धरणाऱ्या मुलींच्या पिढ्या तयार झाल्या, म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेणाऱ्या जनसागरात प्रतिज्ञांचा अर्थ समजून त्या उच्चारणाऱ्या स्त्रियाही होत्या. जी बाई मुलीला अक्षर देते, ती पुढे त्या मुलीला स्वतःचा निर्णय घेण्याची शक्ती देते. धर्मांतर हा तर आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय. त्याची तयारी अशा लहान लहान शाळांतून झाली.

वेगळी पंगत

१९३७ सालच्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. सुशिक्षित, सुखवस्तू आणि स्त्रियांच्या उन्नतीविषयी बोलणाऱ्या स्त्रियांची ही परिषद होती. शाळा चालविणाऱ्या जाईबाईही तेथे गेल्या होत्या. व्याख्याने झाली, ठराव झाले आणि भोजनाची वेळ आली. त्या वेळी जाईबाईंना इतर स्त्रियांपासून वेगळे बसविण्यात आले.

मिशनच्या शाळेतून ज्यांनी मुले काढून घेतली, ती माणसे अडाणी होती, असे कोणी म्हणू शकेल. परिषदेतील स्त्रिया अडाणी नव्हत्या. त्यांनी पुस्तके वाचली होती. पुरुषांच्या बरोबरीचे हक्क त्यांना हवे होते. तरीदेखील पंगत मांडताना त्यांच्या हाताला जुनेच वळण आठवले. शिक्षणाने माणूस आपोआप शहाणा होतो, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मात्र या वेळी जाईबाई एकट्या नव्हत्या. १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरातील आपल्या स्त्रियांनी सभा भरवून या अपमानाचा जाहीर निषेध केला. मिशनची शाळा सोडावी लागली तेव्हा एका बाईचा अपमान झाला होता आणि तो तिने एकटीने गिळला होता. आता तोच अपमान सर्वांचा झाला. या अवधीत काय घडले होते? स्त्रिया एकत्र आल्या होत्या, वाचू लागल्या होत्या, सभा कशी भरवावयाची आणि ठराव कसा मांडावयाचा हे त्यांना कळले होते.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरातच दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचे विचार त्यांनी तेथे मांडले. मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, पत्नीने नवऱ्याची दासी न होता त्याची मैत्रीण व्हावे, असा उपदेश त्यांनी केला.

त्या परिषदेचे ठराव आजही वाचण्याजोगे आहेत. घटस्फोटाचा हक्क मागितला गेला. एका पुरुषाने अनेक बायका करण्यास विरोध केला गेला. गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची नैमित्तिक रजा व एक महिन्याची हक्काची रजा, दुखापत झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी केली गेली. मुलींसाठी वसतिगृहे आणि कायदेमंडळात स्त्रियांना प्रतिनिधित्व हेही मागितले गेले. ज्यांना पाच वर्षांपूर्वी कोणी आपल्या पंगतीत बसू दिले नाही, त्या स्त्रियांनी स्वतःची परिषद भरवून सगळ्या कष्टकरी बायांसाठी रजा आणि निवृत्तिवेतन मागितले. त्यांनी अपमानाला उत्तर दिले ते असे.

आणि ती आजी

जाईबाईंच्या शाळेत बसलेल्या मुलींमध्ये एक होत्या कौसल्या बैसंत्री. त्या १९२६ साली नागपुरात जन्मल्या, पुढे चळवळीत आल्या आणि म्हातारपणी त्यांनी हिंदीत 'दोहरा अभिशाप' हे आत्मकथन लिहिले. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोहरा अभिशाप म्हणजे दुहेरी शाप. एक शाप अस्पृश्य म्हणून आणि दुसरा बाई म्हणून.

त्या पुस्तकात लेखिका स्वतःबरोबरच आपल्या आजीची हकीकत मोठ्या आदराने सांगते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा नवरा तिला मारहाण करी. एके दिवशी ती मुलांना घेऊन घराबाहेर पडली आणि चालत चालत नागपुरास आली. तेथे तिने मजुरी करून मुले वाढविली आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. तिच्या मुलीने, म्हणजे कौसल्याबाईंच्या आईने, एम्प्रेस गिरणीत काम करून आपल्या मुलींना शाळेत घातले. बाबासाहेबांनी केलेला शिक्षणाचा उपदेश तिने मनावर घेतला होता. वस्तीतल्या लोकांनी नावे ठेवली. मुलींना शिकवून काय बॅरिस्टर करावयाचे आहे, असे बोलणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ती आई ऐकत राहिली आणि मुलींना शाळेत पाठवीत राहिली.

आता या तिघींना एका ओळीत उभ्या करून पाहा. आजी मार सोसणे नाकारते आणि बाहेर पडते. आई गिरणीत राबते आणि मुलीच्या हाती पाटी देते. शिक्षिका दारापर्यंत येते आणि मुलीला शाळेत नेते. या तिघींपैकी एकजण जरी मागे सरली असती, तरी ते पुस्तक लिहिले गेले नसते. त्यांत अक्षरशत्रू असलेल्या आजीचा वाटा शिक्षिकेच्या वाट्यापेक्षा कमी होता, असे कोण म्हणेल?

म्हणूनच माझे सांगणे आहे की, आजीच्या दंडावरच्या ताईताकडे पाहून तिची किंमत करू नका. तिच्या पायांकडे पाहा. ती कोठून निघाली आणि आपल्याला कोठवर आणून सोडले, ते पाहा.

कागदावर नसलेली नावे

जाईबाईंविषयी मी आपणांस जे सांगितले, त्यातले पुष्कळसे आपल्यापर्यंत पोचले, कारण पुढे दोन स्त्रियांनी त्यासाठी परिश्रम केले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांच्या भेटी घेऊन, जुनी वर्तमानपत्रे चाळून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. तोवर आंबेडकरी चळवळीचा इतिहास बहुधा पुरुषांच्या नावांनीच सांगितला जात असे. सभेत हजारो स्त्रिया होत्या, असे वाक्य जुन्या वृत्तांतांत वारंवार येते. परंतु हजारो हे काही कोणाचे नाव नव्हे.

जाईबाई दारोदार जाऊन मुली गोळा करीत. या दोघींनी दारोदार जाऊन आठवणी गोळा केल्या. दोन्ही कामे एकाच जातीची आहेत, आणि दोन्ही कामे वेळेवर करावी लागतात. शाळेचे वय निघून गेले की मुलगी सापडत नाही. म्हातारी गेली की तिची आठवण सापडत नाही.

धम्म काय सांगतो

कोणी विचारील, हे सारे स्मरण-पुराण बौद्ध धम्मात बसते काय? बसते. मंगलसुत्तात उत्तम मंगले सांगितली आहेत. त्यांत नवस नाही, मुहूर्त नाही, गंडादोरा नाही. त्यांत कृतज्ञता आहे. केलेल्या उपकाराची जाणीव ठेवणे हे बुद्धाने मंगल मानले आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण सिगालाला सहा दिशांना नमस्कार करण्याचा खरा अर्थ समजावून दिला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण दिशा म्हणजे गुरू. आकाशाला हात जोडण्यापेक्षा या माणसांशी नीट वाग, असा त्याचा मथितार्थ. त्यात गुरूची कर्तव्येही सांगितली आहेत. विद्या नीट द्यावी, हातचे राखून न ठेवता द्यावी, चारचौघांत शिष्याचे गुण सांगावेत आणि त्याचे रक्षण करावे. जाईबाईंनी नेमके हेच केले. म्हणून त्यांना वंदन करताना आपण धम्माच्या बाहेर पाऊल टाकीत नाही.

आणि बुद्धाच्या काळी अशी एक शिक्षिका होऊनही गेली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राणीची, सामावतीची, खुज्जुत्तरा नावाची दासी होती. राणीला राजवाड्याबाहेर जाता येत नसे. ही दासी भगवंतांचा उपदेश ऐकून येई आणि राजवाड्यातील स्त्रियांना तो जसाच्या तसा सांगे. सांगताना ती उंच आसनावर बसे आणि राणी खाली बसून ऐके. बहुश्रुत उपासिकांमध्ये ही श्रेष्ठ, असे भगवंतांनी तिच्याविषयी म्हटले आहे. दासी आसनावर आणि राणी जमिनीवर! हमाली करणारी मुलगी शिक्षिकेच्या जागी बसली, तेव्हा पालकांनी आपली मुले काढून नेली. खुज्जुत्तरा आसनावर बसली, तेव्हा राणीने कान देऊन ऐकले. विषमतेच्या धर्मात आणि समतेच्या धम्मात अंतर आहे ते हे.

आता तुम्ही काय करावे

पहिली गोष्ट मुलीच्या शाळेची. जाईबाईंच्या काळी मुलीला शाळेत घालणे हा उपकार मागण्याचा प्रकार होता. आज तो हक्क आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. दुसरे, धर्म बदलल्यामुळे मुलीची शिष्यवृत्ती बुडेल, अशी धास्ती काही घरांत अद्याप आढळते. १९५६ नंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला दीर्घकाळ झगडावे लागले हे खरे. परंतु १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. धास्तीपोटी मुलीच्या कागदपत्रांत धर्माचा रकाना खोटा भरू नका. ज्या हक्कासाठी पूर्वजांनी झगडा केला, तो लपूनछपून उपभोगावयाचा नसतो.

दुसरी गोष्ट घरातील वागणुकीची. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा उंबऱ्याच्या बाहेर सुरू होत नाही. दीक्षा घेतल्याने बायकोवर उगारलेला हात आपोआप खाली येत नाही; तो आणावा लागतो. ज्या घरातली सून आजही त्या आजीप्रमाणे मुले घेऊन बाहेर पडण्याचा विचार करीत असेल, त्या घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर शोभत नाही. हे बोल कडू लागले तरी मी ते मागे घेणार नाही.

तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. प्रत्येक घराने एक पान लिहावे. त्यावर आजीचे पूर्ण नाव लिहा. तिचे माहेरचे गाव लिहा. तिने कोणकोणती कामे केली ते लिहा. तुमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारी पहिली स्त्री कोण, तिला कोणी शिकविले, तिची फी कोणी भरली ते विचारा. आणखी एक प्रश्न विसरू नका. ती शाळेत जात होती तेव्हा तिच्या वाट्याचे घरकाम कोणी केले? पुष्कळदा उत्तर असे येईल की, थोरली बहीण घरी राहिली. त्या थोरल्या बहिणीचेही नाव त्याच पानावर लिहा. जी शिकली तिच्याइतकीच जी घरी राहिली तीही या इतिहासाची मालकीण आहे.

हे पान लिहिताना आजीला देवी करू नका. माणसाची भक्ती करण्याचा धोका बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट सांगितला होता. आजी नवस करीत होती तर तसे लिहा. ती सुनेशी कठोर वागली असेल तर तेही लिहा. खरे लिहिलेल्या माणसाचे स्मरण टिकते. शेंदूर फासलेल्या दगडाखाली माणूस सापडत नाही.

वर्षावासात आपल्या वस्तीत रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते. त्या तीन महिन्यांतील एक सायंकाळ या पानांसाठी राखून ठेवा. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीने ते पान उभे राहून वाचावे आणि बाकीच्यांनी बसून ऐकावे. जी म्हातारी हयात आहे तिने समोर बसावे आणि चुकले असेल तेथे नातीला थांबवून दुरुस्त करावे. एका वस्तीत पन्नास घरे असतील तर पन्नास पाने होतील, आणि ती एकत्र शिवली म्हणजे त्या वस्तीचा इतिहास होईल. तो दुसऱ्या कोणी येऊन लिहावा, याची वाट पाहू नका.

जाईबाई चौधरींचे स्मरण म्हणजे त्यांच्या तसबिरीला वर्षातून एकदा हार घालणे नव्हे. मुलीला शाळेत घाला. तिच्या वाट्याचे काम घरातल्या मुलाला सांगा. आणि तिच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्या हातून तिच्या आजीचे नाव लिहवून घ्या.

जय भीम!